चोवीस सेकंदांचा कारभारी

हैदराबादेत नारायणगुड्याच्या किंवा सिकंदराबादच्या वायएमसीएमध्ये बास्केटबॉलचा सामना चालू असेल, तर एक गोष्ट करून पाहा. चेंडू रिंगमध्ये पडतो की नाही, याकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा. समोरच्या संघाने गुण मिळवल्यानंतर चेंडू ज्याच्या हातात दिला जातो, त्या खेळाडूवर नजर ठेवा. बहुतेक वेळा तो दहा जणांत सर्वांत कमी उंचीचा असतो. चेंडू आपटत तो फारशी घाई न करता पुढे येतो, बोटांनी एखादी खूण करतो, कुणाचं तरी नाव घेऊन ओरडतो. हे सगळं करताना तो चेंडूकडे एकदाही पाहत नाही.

हा पॉइंट गार्ड. संघाचं प्रत्येक आक्रमण त्याच्या हातातून सुरू होतं. त्याच्याकडे वेळ किती असतो? मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. चेंडू ताब्यात आल्यापासून 8 सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची आणि 24 सेकंदांत चेंडू रिंगकडे फेकायचा. आंतरराष्ट्रीय नियमांचा सामना 40 मिनिटांचा, म्हणजे 2400 सेकंदांचा. प्रत्येक वेळी पूर्ण 24 सेकंद वापरले, तरी दोन्ही संघांची मिळून शंभर आक्रमणं होतात. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. म्हणजे एका संध्याकाळी पॉइंट गार्डला पन्नास-साठ वेळा नवा डाव मांडावा लागतो आणि समोर त्याचा चेंडू हिसकावायला टपलेला एक माणूस सतत असतो.

मुळात या खेळात असा माणूस असणारच नव्हता. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत जेम्स नाइस्मिथने हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून हा खेळ रचला. पीच फळांच्या दोन टोपल्या त्याने सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. ती 10 फुटांची उंची आजही तशीच आहे. त्याच्या तेरा नियमांपैकी एक असा होता, की चेंडू घेऊन पळायचं नाही. जिथे झेलला तिथूनच फेकायचा. पण चारी बाजूंनी अडकलेला खेळाडू करणार काय? तो चेंडू हातातून सोडू लागला, जमिनीवर टप्पा पडला की पुन्हा पकडू लागला. नियमाने त्याला अडवलं नव्हतं. त्या फटीतून ड्रिबल जन्माला आला आणि ड्रिबलमधून पॉइंट गार्ड. अडचणीत सापडलेल्या माणसांनी स्वतःसाठी शोधलेली ही वाट पुढे त्या खेळाचा कणा झाली, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे ड्रिबल इतका कसबी झाला, की त्याने खेळच धोक्यात आणला. आघाडी मिळाली की चेंडू हातात घेऊन वेळ काढत राहायचं, हा सरळ उपाय झाला. 22 नोव्हेंबर 1950 ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असं हरवलं. हा निकाल पूर्ण सामन्याचा आहे आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या इतिहासातला तो सर्वांत कमी गुणांचा सामना. बोस्टनचा बॉब कूझी हा त्या काळातला अव्वल पॉइंट गार्ड. सलग आठ हंगाम सर्वाधिक असिस्ट, म्हणजे ज्यावर सहकाऱ्याने लगेच गुण केले असे पास, त्याचेच होते. त्याच्या हातातून चेंडू काढून घेणं प्रतिस्पर्ध्यांना जमतच नसे.

उपाय काढला सिराक्यूस संघाचा मालक डॅनी बियासोनी याने. त्याने हिशोब साधा केला. चांगल्या, रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा चेंडू रिंगकडे फेकतात. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा, त्याचे 2880 सेकंद होतात. 2880 भागिले 120, उत्तर 24. एनबीएने 1954 मध्ये हा नियम आणला. त्या भागाकाराने पॉइंट गार्डचं कामच बदलून टाकलं. तोवर तो चेंडू सांभाळणारा होता. आता त्याला ठरलेल्या मुदतीत काहीतरी घडवून दाखवायचं होतं.

ते घडवणं म्हणजे काय, हे समजायला एकच चाल सावकाश पाहू. खेळाडू तिला 'पिक अँड रोल' म्हणतात. जगभरात, शाळेच्या मैदानापासून ऑलिंपिकपर्यंत, हीच चाल सर्वांत जास्त खेळली जाते.

पॉइंट गार्ड तीन गुणांच्या रेषेबाहेर, रिंगपासून सात-एक मीटरवर चेंडू आपटत उभा आहे. त्याला अडवणारा समोर. संघातला उंच खेळाडू धावत येतो आणि त्या अडवणाऱ्याच्या बगलेला भिंतीसारखा उभा राहतो. हा झाला स्क्रीन. पॉइंट गार्ड त्याच्या खांद्याला खांदा घासेल इतक्या जवळून निघतो. अडवणारा त्या भिंतीवर आदळतो आणि क्षणभर मागे पडतो. आता उंच खेळाडूला अडवणाऱ्याची पंचाईत होते. तो पॉइंट गार्डवर धावून गेला, तर स्क्रीन लावणारा वळून थेट रिंगकडे धावतो आणि पास त्याला मिळतो. तो जागेवरच थांबला, तर पॉइंट गार्डला रिंगपर्यंत मोकळी वाट मिळते. पहिला अडवणारा स्क्रीनच्या मागून वळसा घालून आला, तर जागेवरूनच तीन गुणांचा फटका. आणि कोपऱ्यातला तिसरा बचावपटू मदतीला आत सरकला, तर त्याने सोडलेला कोपरा उघडा पडतो. तिथला सहकारी मोकळा असतो.

चार प्रश्न, चार उत्तरं आणि वेळ दीड-दोन सेकंद. शिवाय बचावपटूही मूर्ख नसतात. ते एका उत्तराचं सोंग आणतात आणि दुसरंच करतात. मुरलेला पॉइंट गार्ड मग आणखी एक पायरी वर जातो. तो उजव्या कोपऱ्याकडे पाहतो, त्याच्या नजरेवर विसंबून बचावपटू उजवीकडे अर्धं पाऊल सरकतो आणि चेंडू डावीकडे जातो. पास जाताना तिथे अजून कुणी पोचलेलंही नसतं. चेंडू आणि माणूस एकाच क्षणी त्या जागी भेटतात. पंगतीत जुना वाढपी जसा हातातल्या भांड्याकडे न बघता कुणाच्या पानातलं काय संपत आलंय ते टिपत जातो, तसं याचं लक्ष मैदानभर फिरत असतं.

हे दिसतं कसं? डोळे तर आपल्याला आहेत तसेच त्यालाही आहेत. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या फ्रॅन अलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बास्केटबॉल खेळणाऱ्यांना आणि न खेळणाऱ्यांना सामन्यातली छायाचित्रं काही क्षणांसाठी दाखवली आणि मग विचारलं, कोण कुठे उभं होतं ते मांडून दाखवा. चालू आक्रमणाचं चित्र असलं की खेळाडू फार पुढे राहिले. पण ज्या चित्रांत खेळाडू कसेही विखुरलेले होते, कुठलीही चाल नव्हती, तिथे दोघांत फरक उरला नाही. म्हणजे खेळाडूची स्मरणशक्ती जात्याच तीक्ष्ण नसते. त्याला दहा माणसं सुटी सुटी दिसत नाहीत. त्याला दोन-तीन ओळखीच्या रचना दिसतात. तरबेज बुद्धिबळपटू पट पाहतो तो असाच.

2008 मध्ये रोमच्या संशोधकांनी आणखी पुढचं दाखवलं. फ्री थ्रोचे व्हिडिओ मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, हा चेंडू आत जाईल का? व्यावसायिक खेळाडूंनी प्रशिक्षकांपेक्षा आणि क्रीडा पत्रकारांपेक्षा लवकर आणि अचूक उत्तर दिलं. चेंडू हातातून सुटायच्या आधीच, फेकणाऱ्याच्या शरीराच्या हालचालीवरून त्यांना अंदाज येत होता. प्रशिक्षक आणि पत्रकार यांनीही आयुष्यभर सामने पाहिले होते. पण पाहणं आणि खेळणं यात अंतर राहिलंच. हाताने हजारो वेळा केलेली गोष्ट डोळ्यांना वेगळी दिसते.

चेंडूचे पास मोजायला सांगून मधूनच गोरिलाच्या पोशाखातला माणूस चालत नेण्याचा हार्वर्डचा 1999 चा प्रयोग अनेकांना माहीत असेल. पास मोजण्यात गुंतलेल्या जवळपास निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नव्हता. नंतर जर्मनीत डॅनिएल मेमर्टने हाच व्हिडिओ बास्केटबॉलमध्ये मुरलेल्या लोकांना दाखवला, तेव्हा त्यांच्यातल्या अधिक जणांना तो दिसला. चेंडू सांभाळण्याचं काम हातांनी आपसूक पेललं, की लक्ष मोकळं होतं. म्हणून तर लहान मुलांना दोन्ही हातांनी, डोळे वर ठेवून, तासन्‌तास ड्रिबल करायला लावतात. ते कंटाळवाणं काम चेंडू विसरता यावा म्हणून असतं.

उंचीने माणसाला रिंगजवळ नेता येतं, पण ही नजर उंचीने येत नाही. टायरोन 'मग्सी' बोग्सची उंची 5 फूट 3 इंच, म्हणजे 160 सेंटिमीटर. 1987 मध्ये तो एनबीएत आला, तेव्हा त्याच्याच संघात 7 फूट 7 इंचांचा मनूट बोल होता. दोघांचं एकत्र छायाचित्र पाहिलं, तर ते एकाच खेळातले आहेत यावर विश्वास बसत नाही. बोग्स एनबीएत 14 हंगाम खेळला. चेंडू जमिनीच्या इतक्या जवळून न्यायचा, की उंच माणसाला त्यासाठी कंबरेत वाकावंच लागे. दुसऱ्या टोकाला मॅजिक जॉन्सन, 6 फूट 9 इंच. ही रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची उंची, पण खेळला पॉइंट गार्ड म्हणून, आणि दर सामन्यात सरासरी 11 हून अधिक असिस्ट देऊन गेला. या दोघांच्या उंचीत दीड फुटाचा फरक आहे आणि काम एकच.

हैदराबादच्या सुलतान बाजार, काचीगुडा भागातल्या मराठी घरांना म्हणूनच एक सांगावंसं वाटतं. मुलगा किंवा मुलगी उंच नाही, एवढ्या कारणाने त्याला किंवा तिला बास्केटबॉलपासून दूर ठेवू नका. या खेळात पाच जागा आहेत आणि त्यांतली सगळ्यात बुद्धीची जागा उंची विचारत नाही.

या जागेची कारकीर्दही इतरांपेक्षा निराळी वाढते. उडीवर जगणारा खेळाडू तिशीत उतरणीला लागतो. पॉइंट गार्डचे पाय मंदावतात, तेव्हा त्याचं वाचन भरात येत असतं. कॅनडाच्या स्टीव्ह नॅशला पाठीचा जुना आजार होता. बाकावर बसलं की पाठ आखडायची, म्हणून तो मैदानाच्या कडेला जमिनीवर उताणा पडून राही. असा माणूस 2005 आणि 2006 मध्ये, वयाच्या एकतिशी-बत्तिशीत, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि जॉन स्टॉकटन. 6 फूट 1 इंच, अंगकाठी बेताची, 1984 ते 2003 अशी 19 वर्षं एकाच संघात, युटा जॅझमध्ये. असिस्ट 15,806. यादीतला दुसरा खेळाडू अजून तीन हजारांहून अधिक मागे आहे. एकोणीस वर्षांत मिळून तो फक्त 22 सामन्यांना मुकला. निवृत्त झाला तेव्हा वय 41. मला या आकड्यांपेक्षाही एका गोष्टीचं अप्रूप आहे. त्या 19 वर्षांपैकी 18 वर्षं त्याच्या शेजारी एकच माणूस खेळत होता, कार्ल मलोन. वर सांगितलेली पिक अँड रोलची चाल दोघांनी इतके हंगाम केली, की मलोन कुठे वळणार हे स्टॉकटनला पाहावं लागत नसे. पॉइंट गार्ड एकटा मोठा होत नाही. त्याच्या डोक्यात साठलेलं ज्ञान चार विशिष्ट माणसांबद्दलचं असतं: याला चेंडू छातीशी लागतो, हा डावीकडून धावतो, तो दमला की कोपऱ्यात थांबतो. ती माणसं बदलली, की पाटी पुन्हा कोरी.

इथे आपल्याकडची गोष्ट सुरू होते. वायएमसीएच्या वाटेने हा खेळ भारतात लवकर आला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1934 मध्ये दिल्लीत झाली. पण जिथे तो रुजला, तिथे रुजण्याचं कारण एकच दिसतं: कुणीतरी एक जागा वर्षानुवर्षं चालू ठेवली. मुंबईच्या नागपाड्याचं उदाहरण घ्या. अमेरिकन मराठी मिशनने तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस काढलं. क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याचे संचालक. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्थाही 1936 मध्ये याच वास्तूत सुरू झाली. कामगार वस्तीतल्या मुलांसाठी चालवलेल्या तिथल्या बास्केटबॉल कोर्टवर एका पिढीने दुसरीला शिकवलं. तिथलाच अब्बास मुंतासिर भारताचा कर्णधार झाला, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. एका दाट वस्तीतलं एक छोटं कोर्ट इतकी दशकं देशाला खेळाडू देत राहतं, हे विलक्षण आहे.

आजच्या काळातला आपला मोठा गार्ड म्हणजे वाराणसीचा विशेष भृगुवंशी. जुलै 2014 मध्ये चीनमधल्या वुहानला भारताने चीनला 65-58 असं हरवलं, त्या संघात तो होता. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लीगमधल्या ॲडलेड थर्टीसिक्सर्सने त्याला करारबद्ध केलं. त्या लीगचा करार मिळालेला तो पहिला भारतीय. 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार. पण त्याची खरी कारकीर्द घडली ती ओएनजीसीच्या संघात, नोकरीत राहून. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं, तेही देशात महिलांसाठी कायमची व्यावसायिक लीग नसताना. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरायचं, तर रेल्वे, बँक, तेल कंपनी, सैन्यदल किंवा पोलीस यांची नोकरी हाच भरवशाचा मार्ग. अनेकांना हे कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही. त्या नोकऱ्यांनी खेळाडूला पगाराबरोबर जी गोष्ट दिली, ती कोणत्याही झगमगत्या लीगने दिलेली नाही: तेच सहकारी, वर्षानुवर्षं.

आणि हे हैदराबादला कुणी शिकवायची गरज नाही. सय्यद अब्दुल रहीम या शहराचेच. पेशाने शिक्षक आणि फुटबॉलचे प्रशिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी घडवलेला भारतीय फुटबॉल संघ चौथा आला, 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. रहीमसाहेब आपल्या मुलांसाठी असे सामने भरवत, ज्यांत ड्रिबल करायलाच बंदी. चेंडू आला की लगेच पास. दुबळ्या पायाने खेळायचे सामनेही घेत. सत्तर वर्षांपूर्वी या शहरात एक माणूस पास देण्याचं शास्त्र मांडत होता, आणि ते शास्त्र फळाला आलं कारण त्याच्या हाताखाली तोच संघ वर्षानुवर्षं टिकला.

त्याच शहरात बास्केटबॉलचं काय झालं पाहा. 2015 ते 2017 या काळात यूबीए लीग झाली. पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्सबरोबर त्यात हैदराबाद स्काय होता. हंगाम काही आठवड्यांचे. लीग थांबली, संघ संपला. 2018 मध्ये तीन-तीन खेळाडूंच्या थ्री-बाय-थ्री लीगमध्ये हैदराबाद बॉलर्स आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जागतिक थ्री-बाय-थ्री मालिकेतली मास्टर्स स्पर्धा हैदराबादेत झाली, जगातले नामांकित संघ इथे येऊन खेळले. 2025 मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगने पंचवीस वर्षांखालील खेळाडूंसाठी व्यावसायिक स्पर्धा भरवली आणि त्यात हैदराबाद फाल्कन्स हे नवं नाव आलं. दहा वर्षांत तीन नावं, तीन वेगळे संघ. यात उत्साह आहे, मेहनतही आहे, खेळाडूंना मोबदला मिळावा ही प्रामाणिक इच्छा आहे. पण या दहा वर्षांत सोळाव्या वर्षी चेंडू हातात घेतलेला एखादा हैदराबादी पॉइंट गार्ड सव्वीस वर्षांचा झाला. शूटरला रिकाम्या कोर्टवर एकट्याने सराव करून हात बसवता येतो. पॉइंट गार्डला ते करता येत नाही. त्याला सामने लागतात, तेच चार सहकारी लागतात, चुकायला आणि पुन्हा तीच चाल करून पाहायला हंगामामागून हंगाम लागतात.

तेव्हा हैदराबादेत संघ काढणाऱ्यांनी आता चौथं नाव शोधू नये. आहे त्या नावाखाली बारा-पंधरा मुलं आणि तितक्याच मुली निवडाव्यात, त्यांना नोकरीची किंवा शिष्यवृत्तीची खात्री द्यावी आणि निदान दहा वर्षं तो संघ मोडू देऊ नये.